शपथेवरून फुटलेला देश आणि एमन डी व्हॅलेरा

ऑगस्ट १९२७ मध्ये डब्लिनच्या संसद भवनातील एका खोलीत एमन डी व्हॅलेरा आपल्या पक्षाच्या आमदारांसह शिरले. टेबलावर बायबल होते आणि शेजारी सदस्यांनी सही करावयाचे शपथेचे पुस्तक होते. डी व्हॅलेरा यांनी बायबल उचलून दूर नेऊन ठेवले, शपथेचा मजकूर झाकला आणि खाली आपले नाव लिहिले. आपण कोणतीही शपथ घेत नसून संसदेत प्रवेश मिळावा म्हणून केवळ एक रिकामा उपचार पूर्ण करीत आहोत, असे त्यांनी समोरच्या अधिकाऱ्याला बजावले.

इंग्लंडच्या राजाशी निष्ठा राखण्याची ती शपथ होती. पाच वर्षांपूर्वी ती मान्य नाही म्हणून याच डी व्हॅलेरांनी राष्ट्राध्यक्षपद सोडले होते. त्यापाठोपाठ आयर्लंडमध्ये जे गृहयुद्ध पेटले त्यात भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला. सही केल्याने हात जळला नाही, मग ती पाच वर्षांपूर्वी का केली नाही, हा प्रश्न त्यांच्या विरोधकांनी पुढे अर्धे शतक विचारला. पंतप्रधान म्हणून २१ वर्षे आणि राष्ट्रपती म्हणून १४ वर्षे, एवढा दीर्घकाळ देशाच्या शीर्षस्थानी राहूनही डी व्हॅलेरांना या प्रश्नापासून सुटका मिळाली नाही.

आयरिश राष्ट्रवादाच्या या प्रतीकपुरुषाचा जन्म आयर्लंडमध्ये झालेला नव्हता. १४ ऑक्टोबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते जन्मले. आई केट कॉल ही लिमरिक परगण्यातून पोट भरण्यासाठी अमेरिकेत गेलेली घरकामगार तरुणी. वडील स्पॅनिश वंशाचे, आणि त्यांच्याविषयीची माहिती अत्यंत तुटपुंजी. अडीच वर्षांच्या मुलाला मामाबरोबर आयर्लंडला धाडण्यात आले. ब्रुरी गावातील शेतमजुराच्या घरात आजीने त्याला वाढवले. आई अमेरिकेतच राहिली, तिने पुन्हा लग्न केले, पण मुलाला परत बोलावले नाही. या पोरकेपणाचा त्यांच्या अबोल, ताठ स्वभावाशी संबंध जोडण्याचा मोह अनेक चरित्रकारांना झाला आहे. एवढे मात्र खरे की, शिष्यवृत्तीच्या बळावर ब्लॅकरॉक महाविद्यालयात पोहोचलेल्या या मुलाला गणिताने जवळ केले. १९०४ मध्ये पदवी घेऊन ते गणिताचे शिक्षक झाले आणि तर्क अखेरच्या टोकापर्यंत ताणण्याची सवय त्यांना राजकारणातही सोडून गेली नाही.

१९०८ मध्ये आयरिश भाषा शिकण्यासाठी ते गेलिक लीगमध्ये दाखल झाले. तेथे भाषा शिकवणाऱ्या शिनेड फ्लॅनगन यांच्याशी जानेवारी १९१० मध्ये त्यांचा विवाह झाला. भाषेच्या वर्गातून ते चळवळीत आले आणि १९१३ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश स्वयंसेवक दलात भरती झाले. एप्रिल १९१६ मध्ये ईस्टरच्या सोमवारी डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला, तेव्हा बोलंड्स बेकरीच्या परिसरातील तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. त्याच आठवड्यात, २८ एप्रिल रोजी, बेळगावात लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना होत होती. होमरूल हे नाव आयर्लंडच्या सनदशीर चळवळीतून आलेले होते; आणि ज्या दिवसांत बेळगावात त्याचा उद्घोष होत होता, त्याच दिवसांत डब्लिनच्या रस्त्यांवर तो मार्ग मागे पडत होता.

उठाव आठवड्याभरात मोडला गेला. त्याच्या नेत्यांना इंग्रजांनी एकामागून एक गोळ्या घातल्या. डी व्हॅलेरा यांनाही मृत्युदंड सुनावला गेला, पण तो जन्मठेपेत बदलला. अमेरिकेतील जन्मामुळे ते वाचले असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः त्यांचा खटला उशिरा चालला आणि तोवर या शिक्षांविरुद्ध उसळलेल्या लोकक्षोभाने लंडनचे सरकार धास्तावले होते, हे कारण अधिक वजनदार आहे. रणांगणावरील त्यांच्या कामगिरीबद्दल त्यांच्याच सैनिकांत एकवाक्यता नव्हती. काहींच्या मते झोपेविना ते पार खचून गेले होते. परंतु उठावाच्या तुकडीप्रमुखांपैकी जिवंत राहिलेले सर्वांत ज्येष्ठ तेच होते, आणि जून १९१७ मध्ये तुरुंगातून बाहेर पडताच नेतृत्व त्यांच्याकडे चालत आले. जुलैमध्ये ईस्ट क्लेअरची पोटनिवडणूक त्यांनी जिंकली, ऑक्टोबरमध्ये ते शिन फेन पक्षाचे अध्यक्ष झाले. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जागा या पक्षाला मिळाल्या. निवडून आलेल्यांनी लंडनच्या संसदेत न जाता डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली. तिचे नाव डॉइल.

डी व्हॅलेरा तेव्हा इंग्लंडमधील लिंकन तुरुंगात होते. तेथील प्रार्थनामंदिराच्या पाद्रीच्या किल्लीचा ठसा त्यांनी मेणबत्तीच्या मेणावर घेतला, तो बाहेर कळवला आणि केकमध्ये दडवून आत आलेल्या सामग्रीतून किल्ली तयार झाली. फेब्रुवारी १९१९ मध्ये ते तुरुंगातून निसटले. एप्रिलमध्ये डॉइलने त्यांना आपला अध्यक्ष निवडले आणि जूनमध्ये ते अमेरिकेस गेले. दीड वर्ष तेथे राहून त्यांनी आयरिश प्रजासत्ताकासाठी ५० लाख डॉलरहून अधिक निधी उभारला. त्याच मुक्कामात, फेब्रुवारी १९२० मध्ये, न्यूयॉर्कमध्ये भारतीय स्वातंत्र्याच्या समर्थकांपुढे त्यांनी भाषण केले आणि आयर्लंड व भारत यांचा लढा एकाच साम्राज्याविरुद्धचा असल्याचे मांडले. ते भाषण पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले.

मायदेशी मात्र या दीड वर्षात गनिमी युद्ध धगधगत होते आणि त्याचा सूत्रधार मायकेल कॉलिन्स नावाचा तिशीही न ओलांडलेला तरुण होता. डी व्हॅलेरा परतले तेव्हा चळवळीचे बाह्य नेतृत्व त्यांचे आणि प्रत्यक्ष सूत्रे कॉलिन्सकडे, अशी स्थिती होती. दोघांमधील ताण लपून राहिला नाही.

११ जुलै १९२१ रोजी शस्त्रसंधी झाली. डी व्हॅलेरा लंडनला जाऊन पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना अनेकदा भेटले. ऑक्टोबरमध्ये औपचारिक वाटाघाटी सुरू होणार तेव्हा मात्र ते स्वतः गेले नाहीत. आर्थर ग्रिफिथ आणि कॉलिन्स यांना त्यांनी पुढे केले. कॉलिन्सची जाण्याची इच्छा नव्हती. राष्ट्रप्रमुखाने मागे राहावे म्हणजे अंतिम निर्णय हाती राहतो, असे डी व्हॅलेरांचे स्पष्टीकरण होते. घरातील कडव्या प्रजासत्ताकवाद्यांना सांभाळण्यासाठीही त्यांना डब्लिनमध्ये राहणे आवश्यक वाटत होते. जुलैच्या भेटींतच त्यांना कळून चुकले होते की पूर्ण प्रजासत्ताक मिळणार नाही, आणि तडजोडीचा डाग दुसऱ्याच्या अंगावर पडावा म्हणून त्यांनी हे केले, असा आरोप टीकाकार करतात. त्यांच्या कारकिर्दीतील हा सर्वांत वादग्रस्त निर्णय होय. देशातील सर्वांत कसलेला वाटाघाटीपटू, ज्याला प्रत्येक शब्दाची धार माहीत होती, तोच त्या टेबलाशी नव्हता. स्पष्टीकरण कोणतेही स्वीकारले तरी ही उणीव भरून निघत नाही.

६ डिसेंबर १९२१ रोजी झालेल्या कराराने २६ परगण्यांच्या आयरिश मुक्त राज्याला कॅनडासारखे स्वराज्य मिळाले. उत्तरेकडील सहा परगणे वेगळे राहिले आणि संसद सदस्यांना राजनिष्ठेची शपथ अनिवार्य झाली. आश्चर्य असे की त्यानंतरच्या वादात फाळणीचा उल्लेख थोडका झाला. रण माजले ते शपथेवरून. डी व्हॅलेरांनी आपला पर्यायी मसुदा मांडला. आयर्लंडने साम्राज्याच्या आत न राहता बाहेरून त्याच्याशी संलग्न राहावे, राजाला केवळ त्या संघाचा प्रमुख मानावे, अशी ती कल्पना होती. एवढ्या बारीक फरकासाठी पुन्हा युद्ध करायचे काय, असे विरोधकांनी विचारले. ७ जानेवारी १९२२ रोजी डॉइलने ६४ विरुद्ध ५७ मतांनी करार मंजूर केला. डी व्हॅलेरा पायउतार झाले.

मार्चमध्ये त्यांनी दक्षिणेत जी भाषणे केली त्यांनी त्यांच्या नावाला कायमचा कलंक लावला. करार टिकला तर स्वातंत्र्यासाठी पुढे लढणाऱ्यांना स्वतःच्या देशबांधवांच्या रक्तातून वाट काढावी लागेल, असे ते म्हणाले. हा इशारा होता, चिथावणी नव्हे, असे त्यांनी नंतर सांगितले. ऐकणाऱ्यांनी तो भेद केला नाही. जूनअखेर गृहयुद्ध सुरू झाले. सैन्याची सूत्रे इतरांच्या हाती होती आणि डी व्हॅलेरांचा शब्द तेथे फारसा चालत नव्हता. पण करारविरोधाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती त्यांच्याच नावाने. २२ ऑगस्ट रोजी कॉलिन्स कॉर्क परगण्यातील दबा धरून केलेल्या हल्ल्यात मारले गेले. सरकारने ७७ करारविरोधकांना मृत्युदंड दिल्याचे सांगितले जाते आणि हा आकडा आयरिश राजकारणात पिढ्यानपिढ्या घोषणेसारखा वापरला गेला.

त्या काळाची भीषणता एका छायाचित्रातून कळते. ऑक्टोबर १९२१ मध्ये तरुण नेते केव्हिन ओहिगिन्स यांचा विवाह झाला. छायाचित्रात नवरदेवाच्या एका बाजूला डी व्हॅलेरा आणि दुसऱ्या बाजूला त्याचा मित्र व करवला रोरी ओकॉनर उभे आहेत. वर्षभरानंतर ओहिगिन्स मुक्त राज्याचे मंत्री होते आणि ८ डिसेंबर १९२२ रोजी ज्या चार कैद्यांना खटल्याविना गोळ्या घालण्यात आल्या, त्यांत ओकॉनर होते. दोन महिन्यांनी करारविरोधकांनी ओहिगिन्स यांच्या वडिलांना त्यांच्या घरात ठार केले. जुलै १९२७ मध्ये चर्चला निघालेल्या ओहिगिन्स यांचीही हत्या झाली.

याच हत्येने डी व्हॅलेरांना शपथेच्या पुस्तकापर्यंत आणले. गृहयुद्धात पराभूत होऊन, एक वर्ष तुरुंगात काढून, त्यांनी १९२६ मध्ये फियाना फॉइल हा नवा पक्ष स्थापन केला होता. त्याचे निवडून आलेले सदस्य शपथेमुळे संसदेबाहेर राहत. ओहिगिन्स यांच्या हत्येनंतर विल्यम कॉसग्रेव्ह यांच्या सरकारने कायदा आणून शपथ घेण्याची तयारी नसणाऱ्यांना निवडणूक लढवणेच अशक्य केले. एक तर आत जायचे, नाही तर राजकारण सोडायचे, असे दोनच मार्ग उरले. डी व्हॅलेरा आत गेले. त्यांच्या जीवनात सुसंगती शोधणाऱ्याला येथे अडखळावे लागते. परंतु त्या सहीमुळेच गृहयुद्धातील पराभूत पक्ष मतपेटीच्या मार्गाला लागला, हेही नाकारता येत नाही.

मार्च १९३२ मध्ये ते सत्तेवर आले तेव्हा जुने सरकार सत्ता सोडेल याची त्यांच्या सहकाऱ्यांना खात्री नव्हती. काही सदस्य खिशात पिस्तूल ठेवून संसदेत गेले होते. कॉसग्रेव्ह यांनी शांतपणे खुर्ची सोडली. गृहयुद्ध जिंकणाऱ्याने नऊ वर्षांच्या आत हरलेल्याच्या हाती लष्कर, पोलीस आणि खजिना सोपवला. नव्या स्वतंत्र देशांच्या इतिहासात असे प्रसंग मोजकेच आहेत, आणि त्याचे श्रेय डी व्हॅलेरांइतकेच, किंबहुना अधिक, कॉसग्रेव्ह यांना द्यावे लागेल.

मग कराराची एकेक वीट काढण्याचे काम सुरू झाले. १९३३ मध्ये शपथ रद्द झाली. जमीन खरेदीसाठी पूर्वी दिलेल्या कर्जाचे हप्ते इंग्लंडला देणे त्यांनी थांबवले; इंग्लंडने आयरिश मालावर २० टक्के जकात बसवली. या आर्थिक युद्धात गुरे पाळणारा शेतकरी भरडला गेला, वासरांना गिऱ्हाईक उरले नाही. डिसेंबर १९३६ मध्ये राजा आठवा एडवर्ड पायउतार होण्याच्या गोंधळाचा लाभ घेऊन त्यांनी राज्यघटनेतून राजाचे नाव पुसले आणि परराष्ट्र व्यवहारापुरते ठेवले. १९३८ मध्ये एक कोटी पौंडांच्या एकरकमी फेडीवर हप्त्यांचा वाद मिटला आणि इंग्रजांच्या ताब्यातील तीन बंदरे परत मिळाली. ज्या करारावरून रक्त सांडले, तो त्यांनी सहा वर्षांत बंदुकीविना मोडीत काढला. कॉलिन्स यांनी करार म्हणजे स्वातंत्र्य मिळवण्याचे स्वातंत्र्य होय, असा युक्तिवाद केला होता. तो खरा असल्याचे सिद्ध केले ते त्यांच्या प्रतिस्पर्ध्यानेच.

१ जुलै १९३७ रोजी सार्वमताने संमत झालेली नवी राज्यघटना ही डी व्हॅलेरांची सर्वांत टिकाऊ निर्मिती. तिच्या बाजूने सुमारे ६ लाख ८५ हजार आणि विरोधात ५ लाख २७ हजार मते पडली. कॅथलिक चर्चला तिने विशेष स्थान दिले, घटस्फोटाला बंदी केली आणि स्त्रीचे कार्य घरात असल्याचे गृहीत धरले. १९१६ च्या उठावात भाग घेतलेल्या काही स्त्रियांनीच त्यावर तीव्र आक्षेप घेतला. त्यांना जुनी आठवणही होती. उठावाच्या वेळी आपल्या तुकडीत स्त्रियांना घेण्यास नकार देणारे सेनानी डी व्हॅलेराच होते. तरीही प्रोटेस्टंट पंथांबरोबर ज्यू समाजालाही त्या घटनेने नावानिशी मान्यता दिली, आणि १९३७ च्या युरोपात ही गोष्ट लहान नव्हती.

या घटनेतील एक भाग भारतात पोहोचला. शासनाने कोणती सामाजिक उद्दिष्टे गाठावीत हे सांगणारी, पण न्यायालयात दाद मागता येणार नाही अशी तत्त्वे तिच्या ४५ व्या कलमात आहेत. भारतीय घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी आयर्लंडच्या अनुभवाचा अभ्यास केला आणि आपल्या घटनेच्या चौथ्या भागात मार्गदर्शक तत्त्वे आली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अशी तत्त्वे असणारी संसदीय लोकशाहीची दुसरी घटना केवळ आयर्लंडची असल्याचे नमूद केले. साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील १२ जणांना राज्यसभेवर नेमण्याची पद्धतही आयरिश वळणाची आहे.

दुसऱ्या महायुद्धात डी व्हॅलेरांनी आयर्लंड तटस्थ ठेवला. देशात बहुसंख्यांचा त्याला पाठिंबा होता आणि पडद्याआड दोस्तराष्ट्रांना बरीच मदत होत होती. बेलफास्टवर बॉम्ब पडले तेव्हा त्यांनी सीमेपलीकडे अग्निशमन दले धाडली, आयर्लंडमध्ये उतरलेले ब्रिटिश वैमानिक पुष्कळदा गुपचूप परत जात. जुन्या सहकाऱ्यांच्या आयरिश रिपब्लिकन आर्मीशी मात्र ते निष्ठुरपणे वागले. तिच्या सदस्यांना स्थानबद्ध केले, उपोषणांपुढे माघार घेतली नाही, काहींना मृत्युदंडही दिला. कॉसग्रेव्ह यांच्यावर ज्यासाठी टीका केली, तेच आता त्यांच्या सरकारने केले.

तटस्थतेला अखेर त्यांनीच डाग लावला. २ मे १९४५ रोजी हिटलरच्या मृत्यूचे वृत्त आल्यावर ते डब्लिनमधील जर्मन राजदूत एड्युआर्ड हेम्पेल यांच्याकडे दुखवट्यासाठी गेले. छळछावण्यांची दृश्ये तोवर जगापुढे आली होती. रुझवेल्ट यांच्या निधनानंतर आपण जसा शिष्टाचार पाळला तसाच येथे पाळला, असे त्यांचे म्हणणे होते. गणिताच्या शिक्षकाला समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसल्या. जगाला त्या तशा दिसणे शक्य नव्हते. पंधरवड्याच्या आतच चर्चिल यांनी रेडिओवरून आयर्लंडवर टीका केली आणि डी व्हॅलेरांनी तिला संयत उत्तर दिले. त्या उत्तराने ते देशात पुन्हा लोकप्रिय झाले, पण हेम्पेल यांची भेट विसरली गेली नाही.

फेब्रुवारी १९४८ मध्ये, सलग १६ वर्षांनंतर, सत्ता गेली. आयर्लंडच्या फाळणीविरुद्ध जनमत जागवण्यासाठी ते जगभर फिरले आणि जूनमध्ये भारतात आले. दिल्लीत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्यांचे स्वागत केले. सुभाषचंद्र बोस यांना इंग्लंडमध्ये प्रवेश नाकारला जात असताना १९३६ मध्ये डब्लिनमध्ये त्यांची भेट घेणारे डी व्हॅलेरा आता स्वतंत्र, पण नुकत्याच फाळणी सोसलेल्या भारताच्या राजधानीत होते. पुढच्याच वर्षी इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. त्यांच्यानंतर आलेल्या सरकारने १८ एप्रिल १९४९ रोजी आयर्लंडला प्रजासत्ताक घोषित करून राष्ट्रकुल सोडले. आणि दहा दिवसांनी भारताने प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहण्याचे, राजाला केवळ त्या संघटनेचा प्रमुख मानण्याचे सूत्र मान्य करून घेतले. १९२१ मध्ये डब्लिनला ज्या कल्पनेची टर उडवली गेली, तिच्याशी हे सूत्र बरेचसे जुळते.

१९५१ ते १९५४ आणि १९५७ ते १९५९ असे आणखी दोनदा ते पंतप्रधान झाले. हा त्यांच्या कारकिर्दीचा फिका भाग. साधे, काटकसरी, गेलिक भाषा बोलणारे ग्रामीण आयर्लंड हे त्यांचे स्वप्न त्यांनी १९४३ च्या रेडिओ भाषणात रंगवले होते. प्रत्यक्षात ती गावे ओस पडत होती. १९५० च्या दशकात सुमारे चार लाख लोक देश सोडून गेले आणि १९६१ च्या शिरगणतीत लोकसंख्या २८ लाखांवर आली. इंग्लंडच्या बांधकामांवर आणि रुग्णालयांत राबणाऱ्या या मुलामुलींसाठी त्यांच्या सरकारांकडे उत्तर नव्हते. ते शोधले शॉन लेमास यांनी, डी व्हॅलेरा बाजूला झाल्यावर. दरम्यान, त्यांनी १९३१ मध्ये लोकवर्गणीतून काढलेल्या आयरिश प्रेस या वृत्तपत्राचे नियंत्रण त्यांच्या कुटुंबाकडे कसे गेले, यावर संसदेत विचारलेल्या प्रश्नांनी त्यांना अडचणीत आणले.

१९५९ मध्ये ते राष्ट्रपती झाले. त्याच दिवशी प्रमाणशीर मतदानपद्धती रद्द करण्याचा त्यांचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. माणूस हवा, पण त्याच्या पक्षाला कायमचे बहुमत नको, असा चोख निवाडा लोकांनी दिला. दृष्टी जवळजवळ गेलेली होती. भाषणे ते पाठ करीत. १९६६ मध्ये, ८३ व्या वर्षी, ते पुन्हा उभे राहिले आणि सुमारे साडेदहा हजार मतांनी कसेबसे निवडून आले. प्रतिस्पर्धी होते टॉम ओहिगिन्स. त्या लग्नाच्या छायाचित्रातील नवरदेवाचे पुतणे.

डिसेंबर १९७२ मध्ये सार्वमताने घटनेतील कॅथलिक चर्चचे विशेष स्थान काढून टाकले, तेव्हा त्या घटनेचे जनकच राष्ट्रपतिपदावर होते. जून १९७३ मध्ये नव्वदी ओलांडलेले डी व्हॅलेरा निवृत्त झाले. जानेवारी १९७५ मध्ये, विवाहाच्या ६५ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शिनेड गेल्या. २९ ऑगस्ट रोजी डब्लिनमधील शुश्रूषागृहात डी व्हॅलेरा यांचे निधन झाले. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत त्यांना पत्नीशेजारी ठेवण्यात आले. ग्रिफिथ, कॉलिन्स, केव्हिन ओहिगिन्स आणि रोरी ओकॉनर यांच्या कबरी त्याच आवारात आहेत.